‘निवड झाली’ म्हणजे नक्की काय झालं?

मुलांनो, मैदानावर फुटबॉल खेळताना तुम्ही नुसते तुम्ही नसता, हे मला चांगलं माहीत आहे. दोन्ही बाजूंना दप्तरांचे ढीग लावले की झाला गोल! मग कुणी मेस्सी होतो, कुणी रोनाल्डो, कुणी सुनील छेत्री. आमच्या शाळेत तर मधल्या सुट्टीत एकाच वेळी चार-चार मेस्सी पळत असतात आणि चौघांनाही दहा नंबरच हवा असतो. अशात एके दिवशी घरी एक गुळगुळीत रंगीत पत्रक आलं आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असलं, ‘अभिनंदन! तुमच्या पाल्याची स्पेनमधील उन्हाळी फुटबॉल कॅम्पसाठी निवड झाली आहे’, तर काय होईल? त्या रात्री घरात कुणालाच झोप लागणार नाही. तुम्हाला आनंदानं, आणि आई-बाबांना पैशांच्या काळजीनं.

अशी पत्रकं आता मुंबई-पुण्यापुरती राहिली नाहीत, आपल्या छत्रपती संभाजीनगरातही येऊ लागली आहेत. मागे एकदा आमच्या शाळेतल्या एका मुलाचे वडील असंच पत्रक घेऊन माझ्याकडे आले. ते वाळूजला एका कंपनीत आहेत, दुसऱ्या पाळीला जाण्याआधी घाईघाईनं आले होते. मुलगा पाचवीत. पायात चेंडू आला की सुटलाच समजा!

ते म्हणाले, “मॅडम, बाहेरगावच्या एका संस्थेनं इथं एक दिवसाचं शिबिर घेतलं. त्यात आमच्या पोराची निवड झाली म्हणतात. पंधरा दिवस स्पेनला जायचंय. बँकेतली ठेव मोडू का?”

मी विचारलं, “एकूण किती मुलांची निवड झाली?”

“आले होते त्यातल्या बहुतेकांची झाली की!”

“आणि पैसे भरले नाहीत तर?”

“तर जागा दुसऱ्याला देणार.”

आता मुलांनो, तुम्हीच सांगा. जिल्ह्याच्या संघात तुमचं नाव आलं, तर ‘पंधरा तारखेच्या आत पहिला हप्ता भरा, नाहीतर नाव काढू’ असं कुणी म्हणतं का? पैसे न भरल्यामुळे जी रद्द होते तिला निवड म्हणत नाहीत, तिला बुकिंग म्हणतात. बुकिंगमध्ये वाईट काही नाही बरं का! महाबळेश्वरला जाताना आपण करतोच की. पण सहलीसाठी कुणी पोटाला चिमटा घेऊन वाचवलेली ठेव मोडत नाही. ‘निवड’ म्हटलं की मात्र आई-बाप मोडायला तयार होतात. या एका शब्दापायी काही लाख रुपये घरातून जाऊ शकतात, म्हणून हा लेख मुलांइतकाच पालकांसाठीही आहे.

तिथे असतं तरी काय?

युरोपातल्या मोठमोठ्या क्लबांच्या नावानं उन्हाळी कॅम्प भरतात, ही गोष्ट अगदी खरी आहे. देशोदेशीची मुलं तिथे येतात. सकाळी एक आणि संध्याकाळी एक असं दोनदा मैदानावर जायचं. आठ-दहा जणांनी गोल करून उभं राहायचं, मध्ये एक-दोन ‘चोर’, आणि चोराला लागू न देता चेंडू एकमेकांकडे सरकवत राहायचा. या खेळाला ‘रोंडो’ म्हणतात. दिसायला सोपा, पण करून बघा म्हणजे कळेल! मग चार विरुद्ध चार असे छोटे सामने. दुपारी पोहणं किंवा शहर बघणं, एखाद्या दिवशी क्लबचं भलंमोठं स्टेडियम. शेवटच्या दिवशी जर्सी, प्रमाणपत्र आणि खूप सारे फोटो.

पत्रकावर ज्याचा फोटो असतो तो खेळाडू मात्र तिथे भेटेल या आशेवर राहू नका. जुलै महिन्यात तो एकतर सुट्टीवर असतो, नाहीतर नव्या हंगामाच्या तयारीसाठी संघाबरोबर दुसरीकडे गेलेला असतो. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की क्लबचा उन्हाळी कॅम्प वेगळा आणि क्लबची अकादमी वेगळी. अकादमीतली मुलं वर्षभर तिथेच शिकतात, तिथेच खेळतात, आणि त्यांना क्लब शोधून आणतो. कॅम्पमध्ये बहुतेक ठिकाणी फी भरणाऱ्या मुलाला प्रवेश मिळतो. दोन्हीकडे जर्सी एकच असल्यामुळे गल्लत होते इतकंच.

पण मेस्सी गेला होता ना?

हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. तो गेला होता. लिओनेल मेस्सी अर्जेंटिनातल्या रोसारिओ गावचा. सप्टेंबर २००० मध्ये, तेरा वर्षांचा असताना, वडिलांबरोबर बार्सिलोनाला चाचणीसाठी आला. तेव्हा उंची अगदी कमी, कारण शरीर वाढायला लागणारं संप्रेरक त्याच्या अंगात पुरेसं तयार होत नव्हतं. त्याच्या औषधांचा खर्च क्लबनं उचलावा, अशी घरच्यांची अडचण होती. क्लबवाले बरेच दिवस हो-नाही करत राहिले. शेवटी १४ डिसेंबर २००० रोजी क्लबचे अधिकारी कार्लेस रेशाक यांनी हात पुसायच्या कागदी रुमालावरच करार लिहून सही केली! हाच रुमाल मे २०२४ मध्ये लिलावात साडेसात लाख पौंडांहून जास्त किमतीला गेला. आपल्याकडे असा रुमाल कुणी टेबलावरून पुसून केव्हाच टाकून दिला असता.

ही गोष्ट पत्रकवाल्यांना फार आवडते. पण तिचा पुढचा भाग ते सांगत नाहीत. मेस्सीला क्लबनं घेतलं आणि पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, जगातल्या फुटबॉलचा कारभार बघणाऱ्या ‘फिफा’ या संस्थेनं लहान खेळाडूंसाठी कडक नियम केले. आजचा नियम असा आहे : अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी कुठल्याही मुलाला एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबात खेळाडू म्हणून नोंदवता येत नाही. थोडे अपवाद आहेत. आई-वडीलच फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणानं, म्हणजे समजा नोकरीसाठी, त्या देशात राहायला गेले तर चालतं. युरोपातल्या युरोपात सोळा वर्षांनंतर जाता येतं. सीमेला अगदी लागून राहणाऱ्यांना सवलत आहे. निर्वासित मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. संभाजीनगरच्या गारखेड्यात राहणारा, आई-बाबा इथेच असलेला अकरा वर्षांचा मुलगा यातल्या कुठल्याच खान्यात बसत नाही.

हा नियम का बरं करावा लागला? गरीब देशांतली मुलं दलाल लोक ‘मोठ्या क्लबात घालतो’ असं सांगून युरोपात न्यायचे. घरच्यांकडून पैसे घ्यायचे. चाचणीत मूल टिकलं नाही की तिथेच सोडून द्यायचे. परका देश, भाषा येत नाही, परतीचं तिकीट नाही. अशी पुष्कळ मुलं हाल काढत राहिली, म्हणून हा नियम झाला.

नियम नुसता कागदावर आहे, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २०१४ मध्ये फिफानं खुद्द बार्सिलोना क्लबला शिक्षा केली. परदेशी लहान मुलांना नियम मोडून घेतलं म्हणून नवे खेळाडू घ्यायलाच बंदी. २०१६ मध्ये रिआल माद्रिद आणि अॅटलेटिको माद्रिद यांच्यावरही तीच पाळी आली.

आणि त्या शिक्षेमुळे घरी परतावं लागलेल्या एका मुलाची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. ताकेफुसा कुबो, जपानच्या कावासाकी शहरातला. २००९ मध्ये आठ वर्षांचा असताना तो बार्सिलोनाच्या कॅम्पला गेला. आणि तो कॅम्प स्पेनमध्ये नव्हता, जपानमध्येच होता! तिथे तो सगळ्यांत उत्तम खेळाडू ठरला. पुढे २०११ मध्ये दहाव्या वर्षी बार्सिलोनाच्या अकादमीत गेला. कॅम्पमधून अकादमीत! पत्रकात छापावी अशीच गोष्ट आहे की नाही? पण २०१४ ची शिक्षा आली आणि कुबोला क्लबच्या अधिकृत सामन्यांत खेळता येईना. २०१५ मध्ये, चौदाव्या वर्षाच्या आत, तो जपानला परत गेला. तिथे तो खेळत राहिला. ४ जून २०१९ रोजी त्याला अठरा वर्षं पूर्ण झाली आणि त्याच महिन्यात रिआल माद्रिदनं त्याला घेतलं. २०२२ च्या कतारमधल्या विश्वचषकात तो जपानकडून खेळला.

म्हणजे बघा हं, इतका गुणी मुलगा, जगातल्या एका बड्या क्लबला हवा असलेला, तरी अठराव्या वाढदिवसापर्यंत थांबावं लागलं. मग पंधरा दिवसांच्या कॅम्पमधून बारा वर्षांच्या मुलाला तिथला क्लब ठेवून घेईल, असं जो तुम्हाला सांगतो, त्याला या नियमाबद्दल जरूर विचारा आणि तो काय उत्तर देतो ते ऐका.

वाळूजच्या त्या पालकांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ठेव मोडली नाही. मुलगा दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही, तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पुन्हा दहा नंबरसाठी भांडत होता.

मग जाऊच नये का?

असं कुठं म्हटलं मी! घरात पैसा जास्तीचा असेल, कर्ज काढावं लागत नसेल, तर जरूर जावं. पंधरा दिवस आईशिवाय राहायचं, आपले मोजे आपण धुवायचे, न कळणाऱ्या भाषेतल्या मुलाला पास द्यायचा आणि त्यानं तो बरोबर घ्यायचा, ही मजा काही औरच. जुलैत तिथे रात्री नऊ वाजेपर्यंत उजेड असतो! आपल्यापेक्षा घड्याळ साडेतीन तास मागे. मैदान गवताचं, पडलं तरी गुडघा सोलवटत नाही. गुरुजनांना ‘सर’ न म्हणता नावानं हाक मारायची, याचं तर आपल्या मुलांना भारी नवल वाटतं. सहल म्हणून, शिकणं म्हणून हे सगळं छानच आहे.

पण एक शिक्षिका म्हणून मला एक व्यावहारिक अडचण दिसते. आपला उन्हाळा एप्रिल-मेचा आणि त्यांचा जुलै-ऑगस्टचा. त्यांचे कॅम्प भरतात तेव्हा आपली शाळा सुरू होऊन दोन-चार आठवडे झालेले असतात, नवी पुस्तकं उघडलेली असतात. पाचवीच्या मुलाचं पंधरा दिवसांनी फार बिघडत नाही, नववी-दहावीच्याचं बिघडू शकतं. मुख्याध्यापकांशी आधी बोलून घ्यावं. गेल्यावर फोन करून ‘मॅडम, तो स्पेनला आहे’ असं सांगू नये!

बिनपैशाच्या वाटाही आहेत, आणि त्याच खऱ्या निवडीच्या वाटा आहेत. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचं नाव तुम्ही ऐकलं असेल. वडील रिक्षाचालक. अनिकेत पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. ही सरकारची निवासी शाळा, चाचण्या घेऊन मुलं निवडतात. तिथून पुढे जात ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात भरलेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला. आणि मग २०१९ च्या सुरुवातीला इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबात तीन महिने सरावाला गेला. वय? अठरा पूर्ण! हा क्लब २०१० पासून पुण्याच्या वेंकीज कंपनीच्या मालकीचा आहे, ही आणखी एक गंमत. तिथून परत आल्यावर तो भारतातल्या मोठ्या क्लबांकडून खेळला. त्याच २०१७ च्या संघात नमित देशपांडे होता. तो मुंबईत जन्मलेला, पण अमेरिकेत वाढलेला. तो बरोबर उलट वाटेनं आला, अमेरिकेतून भारतात!

शाळांसाठी सुब्रतो चषक ही स्पर्धा १९६० पासून आहे. आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य, आणि शेवटी देशपातळीवर. मुलींचेही सामने असतात. २०२३ मध्ये राज्य सरकारनं जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबबरोबर १४ वर्षांखालील मुलांची स्पर्धा घेतली होती. त्यातून वीस मुलांना म्युनिकला प्रशिक्षणाची संधी, असं बक्षीस होतं. अख्ख्या महाराष्ट्रातून वीस! याला म्हणतात निवड. अशा स्पर्धांची पत्रं शाळेत येतात आणि कधीकधी कपाटातच राहतात. तेव्हा क्रीडाशिक्षकांना जाऊन विचारायला लाजू नका.

आणि नागपूरची गोष्ट तर सगळ्यांत वेगळी. तिथले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात मोडक्या बादलीला लाथा मारत खेळणारी वस्तीतली मुलं पाहिली आणि २००१ पासून त्यांच्यासाठी फुटबॉल सुरू केला. पुढे त्यांच्यातली मुलं बेघरांच्या विश्वचषकासाठी परदेशी गेली. २०१० मध्ये ब्राझीलमधल्या रिओ शहरात भारताच्या संघाचा कर्णधार नागपूरचा अखिलेश पॉल होता. यावरूनच नागराज मंजुळे यांनी ‘झुंड’ हा सिनेमा काढला, तो २०२२ मध्ये आला. तुमच्यातल्या काहींनी पाहिला असेल. त्यात एका मुलीचे वडील पासपोर्टसाठी ओळखीचा एकेक कागद गोळा करत दारोदार फिरतात. गोल मारण्यापेक्षा ते कठीण! आणि ते सिनेमापुरतं नाही बरं का.

कागदांची शर्यत

पालकहो, आता थोडं तुमच्याशी. परदेशात जायचं म्हणजे आधी पासपोर्ट, मग व्हिसा. पासपोर्टसाठी पूर्वी लांब जावं लागायचं, आता आपल्या शहरात छावणीच्या पोस्टात सोय आहे. मुलांचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचा किंवा अठराव्या वाढदिवसापर्यंतचा मिळतो आणि दोघाही पालकांची संमती लागते.

घोळ होतो तो नावाचा आणि तारखेचा. जन्माच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, शाळेच्या बोनाफाईडवर तिसरं. कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे शेवटी. आमच्याकडे जनरल रजिस्टर असतं, त्यातली नोंद बदलायची तर मोठी प्रक्रिया आहे, बाईंनी पेनानं खोडून भागत नाही. आणि जन्मतारीख! आपल्या मागच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना तारीख आठवत नसली की गुरुजी सरळ १ जून लिहीत. अनेक आजोबा आणि बाबा असे एकाच दिवशी जन्मलेले आहेत! आजच्या मुलांचं तसं चालत नाही. फुटबॉलमध्ये तर वयोगट फार कडक असतात. शंका आली तर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासतात. म्हणून कॅम्पला जा अथवा जाऊ नका, तिन्ही कागदांवर नाव आणि तारीख एकच आहे ना, ते या सुट्टीत एकदा बघून घ्या.

स्पेन, जर्मनी यांचा व्हिसा एकच असतो, त्याला शेंगेन व्हिसा म्हणतात. त्यासाठी मुंबई-पुण्याच्या केंद्रावर जावं लागतं, आणि बारा वर्षांवरच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेतात. निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमाही लागतो. तो घेताना एक ओळ नीट वाचा : खेळताना झालेली दुखापत त्यात धरली आहे का? सगळ्याच पॉलिसींत ती नसते, आणि आपलं मूल तर तिथे खेळायलाच चाललेलं आहे!

कॅम्पवाल्यांना विचारायला संकोच करू नका. रात्री मुलांजवळ कोण झोपतं, त्या माणसाचं नाव काय? व्हिसा नाकारला तर पैसे परत मिळतात का, किती आणि कधी? तसं लिहून द्याल का? क्लबचं नाव वापरायची परवानगी तुम्हाला कुणी दिली? हा शेवटचा प्रश्न थेट क्लबलाच पत्रानं विचारता येतो. चांगली संस्था अशा प्रश्नांवर रागावत नाही. शाकाहारी मूल असेल तर ते आधीच कळवा, आणि बरोबर चिवडा-लाडू द्या. पंधरा दिवस पाव आणि पास्ता खाऊन तिसऱ्याच दिवशी भाकरी आठवते!

आणि मुलांनो, तुम्ही कधी जाणार असाल तर दोन गोष्टी आधी करून बघा. आपली बॅग आपण भरायची आणि ती उचलून जिन्यानं दोन मजले चढायची. दमलात? मग त्यातलं निम्मं काढा. दुसरं म्हणजे मैदानावरचे हे शब्द पाठ करा. ‘मॅन ऑन’ म्हणजे तुझ्या पाठीशी समोरच्या संघाचा खेळाडू आहे, चेंडू लवकर दे. ‘टाइम’ म्हणजे घाई नको, जवळ कुणी नाही. ‘टर्न’ म्हणजे मोकळी जागा आहे, वळ. आपल्या आमखास मैदानावर खेळणाऱ्या मोठ्या मुलांकडे संध्याकाळी कान देऊन ऐका. हे शब्द तिथेही ऐकू येतील, आणि मध्येच एखादी खणखणीत हाक येईल, “अरे, माग्गं बघ ना!” तिचाही अर्थ ‘मॅन ऑन’ असाच आहे.